कार्डावरच्या दोन तारखा : व्यावसायिक चालकांच्या परवान्याविषयी वाचकांचे प्रश्न

टेम्पो, ट्रक, टँकर, शाळेची बस, ई-रिक्षा चालवणाऱ्यांची आणि त्यांच्या मालकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. सगळी उत्तरे मोटार वाहन कायदा १९८८, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ आणि २०१९ मध्ये कायद्यात झालेली दुरुस्ती यांच्या आधाराने दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे कारचे लायसन आहे, त्यावर 'एलएमव्ही' (हलके मोटार वाहन) लिहिले आहे. भाजीपाला वाहण्यासाठी पिवळ्या पाटीचा छोटा पिकअप घेतोय. गावातले लोक म्हणतात, त्यासाठी वेगळे 'टीआर' (वाहतूक वाहनाचे) लायसन काढावेच लागते. खरे काय? (एक शेतकरी, बार्शी)

उत्तर : हा गोंधळ गावात सुरू झालेला नाही. कोर्टातही तो कितीतरी वर्षे चालला. अपघात झाला की विमा कंपनी म्हणायची, चालकाकडे खासगी हलक्या वाहनाचा परवाना होता, गाडी मात्र मालवाहू होती, म्हणून भरपाई देणार नाही. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा चालकांच्या बाजूने सोडवला. पुढे त्यावर पुन्हा शंका काढल्या गेल्या. अखेर ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने रंभादेवी प्रकरणात तोच निकाल कायम केला. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवू शकतो. त्यासाठी परवान्यावर वेगळ्या वाहतूक नोंदीची गरज नाही.

मात्र 'एकूण वजन' म्हणजे काय ते नीट समजून घ्या. हे रिकाम्या गाडीचे वजन नाही आणि तुम्ही भरणार असलेल्या मालाचेही नाही. गाडी, माल आणि माणसे मिळून उत्पादकाने ठरवलेली आणि नोंदणी झालेली कमाल मर्यादा म्हणजे एकूण वजन. ते नोंदणी पुस्तकात, म्हणजे आरसीवर, रिकाम्या वजनाच्या जवळच छापलेले असते. गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेत्याच्या तोंडी आकड्यावर विसंबू नका, आरसी किंवा कंपनीचे माहितीपत्रक मागून तो आकडा स्वतः वाचा. छोटे पिकअप या मर्यादेच्या बरेच खाली असतात, त्यामुळे तुमचा परवाना पुरेल.

या निकालाचा अर्थ लोक हवा तसा ताणतात, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. पहिली, गॅस सिलिंडर, इंधन, रसायने अशा धोकादायक मालासाठी वेगळी नोंद लागतेच, गाडी कितीही लहान असो. दुसरी, परवाना चालकाचा असतो, परमिट गाडीचे. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ मधून सूट आहे, तिला परमिट लागत नाही. त्यावर गेलात तर लागते. योग्यता प्रमाणपत्र, ज्याला आपण 'पासिंग' म्हणतो, ते मात्र सगळ्या पिवळ्या पाटीच्या गाड्यांना लागते. नव्या गाडीला पहिले दोन वर्षांचे मिळते, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी पासिंग करावे लागते.

प्रश्न : माझ्या ट्रकचालकाच्या लायसनची मुदत वीस दिवसांपूर्वी संपली. तो म्हणतो, महिनाभर सवलत असते, शिवाय वर्षभरात कधीही नूतनीकरण करता येते. गाडी पाठवू का? (एक वाहतूक व्यावसायिक, इचलकरंजी)

उत्तर : पाठवू नका. या पानावर दिलेल्या सगळ्या उत्तरांपैकी हे एक उत्तर चालकांनी पाठ करावे असे आम्हाला वाटते, कारण दोन वेगळ्या मुदती इथे एकमेकींत मिसळल्या आहेत.

मुदत संपल्यानंतरही परवाना तीस दिवस चालू राहील, अशी तरतूद पूर्वी कलम १४ मध्ये होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता तारीख उलटली की दुसऱ्या दिवसापासून परवाना प्रभावी राहत नाही. तुमचा चालक म्हणतो ते एक वर्ष कलम १५ मधले आहे, पण ते फक्त अर्जासाठी आहे. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तर पुन्हा वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही, इतकाच त्याचा फायदा. वर्ष उलटले की चाचणी पुन्हा द्यावी लागते. त्या वर्षात गाडी चालवायची मुभा कुठेही दिलेली नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे उशिरा अर्ज केला तर परवाना नूतनीकरणाच्या दिवसापासून पुढे चालू होतो. मागची पोकळी भरून येत नाही. समजा मुदत १० जूनला संपली, नूतनीकरण ५ जुलैला झाले आणि २० जूनला अपघात झाला. तर त्या दिवशी चालकाकडे परवाना नव्हता, असेच कागदोपत्री दिसणार. ५ जुलैचे कार्ड मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवून उपयोग होत नाही. विमा कंपनी पहिला मुद्दा हाच काढते आणि अपघातग्रस्ताला दिलेली रक्कम मालकाकडून वसूल करण्याचा आदेश मागते.

कार्ड हातात घेऊन बघा. मुदतीच्या जागी दोन तारखा असतात. एक 'एनटी', म्हणजे खासगी वाहनांसाठी, दुसरी 'टीआर', म्हणजे वाहतुकीच्या वाहनांसाठी. एनटीची तारीख लांबची असते, कारण खासगी परवाना तिशीच्या आत काढला तर वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. टीआरची मुदत मात्र पाच वर्षांची असते, २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीनच वर्षांची होती. चालक घाईत पहिली, लांबची तारीख वाचतो आणि निर्धास्त होतो. चूक बहुतेक वेळा इथेच होते. टीआरची मुदत संपली तरी एनटी चालू असेल तर तो स्वतःची कार चालवू शकतो, तुमचा ट्रक नाही.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापर्यंत करता येतो. पण खूप आधी केला तर नवी मुदतही नूतनीकरणाच्या दिवसापासूनच मोजतात, म्हणजे उरलेले महिने वाया जातात. मुदत संपायला एक-दोन महिने असताना अर्ज करणे सगळ्यांत सोयीचे. सोबत नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. अर्ज 'सारथी' संकेतस्थळावर भरायचा. नूतनीकरण कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे करता येते, त्यामुळे चालक मूळचा नांदेडचा असला तरी त्याला गावी पाठवायची गरज नाही.

प्रश्न : मुलाचे वय १९ आहे, कारचे लायसन सहा महिन्यांपूर्वी मिळाले. ट्रक चालवायला शिकवायचे आहे. हेवी लायसनसाठी काय करावे? (एक पालक, अकलूज)

उत्तर : अजून थांबावे लागेल. मध्यम आणि अवजड वाहतूक वाहनासाठी दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात: वय २० पूर्ण, आणि हलक्या वाहनाचा परवाना मिळून किमान एक वर्ष झालेले. वयाची अट शिकाऊ परवान्यालाही लागू आहे. आठवी पास असण्याची अट मात्र २०१९ मध्ये काढून टाकली, त्यामुळे शिक्षण कमी असले तरी या परवान्याला अडथळा नाही.

वेळ आली की क्रम असा. सारथीवर अवजड वर्गाच्या शिकाऊ परवान्यासाठी अर्ज करायचा, सोबत नमुना १-अ. केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्याचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी १५० रुपये आणि पुढे चालवण्याच्या चाचणीचे ३०० रुपये असते. कार्डाचा खर्च निराळा. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय चाचणी देता येत नाही. म्हणजे हातात खरे पाच महिने उरतात. चालक प्रशिक्षण शाळेतले प्रशिक्षण, चाचणीची वेळ मिळणे आणि नापास झाल्यास पुन्हा वेळ घेणे, हे सगळे त्यातच बसवावे लागते. शिकाऊ परवाना काढून सुगीच्या कामात तीन महिने घालवले, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागू शकते.

वाहतूक वाहनासाठी चालक प्रशिक्षण शाळेचे नमुना ५ मधील प्रमाणपत्र आवश्यक आहे. पैसे भरण्याआधी शाळेचा परवाना बघायला मागा. त्यात अवजड वाहनांचे प्रशिक्षण देण्याची परवानगी आहे का, ते तपासा. कारपुरता परवाना असलेल्या शाळेने दिलेले अवजड वाहनाचे प्रमाणपत्र आरटीओत चालत नाही आणि तोवर शिकाऊ परवान्याचे महिने गेलेले असतात. दुसरा मार्ग मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्राचा. तिथे अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. तो पूर्ण करून केंद्राची चाचणी उत्तीर्ण झाल्यास आरटीओतली चालवण्याची चाचणी माफ होते. जवळ असे केंद्र असेल तर तोच मार्ग घ्या. घाटात, रात्री, पावसात गाडी कशी हाताळायची याचा सराव तिथे ठरवून करून घेतात.

शिकताना मुलाच्या शेजारी त्याच वर्गाचा परवाना असलेला शिक्षक बसलेला हवा, आणि तो अशा जागी हवा की गाडी थांबवू शकेल. गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा. त्याचे मापही नियमात दिले आहे: पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच, २ सेंटिमीटर जाड आणि तळाशी ९ सेंटिमीटर रुंद. वहीच्या कागदावर पेनाने काढून काचेवर चिकटवलेला 'एल' या मापात बसत नाही.

चाचणीला ज्या गाडीने जाल तिचा विमा, पासिंग आणि पीयूसी चालू हवेत, नाहीतर चाचणीच होत नाही. परीक्षक बघतात ते साधे असते: सुरू करण्याआधी आरसे लावले का, चढावर थांबलेली गाडी मागे न सरकता पुढे निघते का, मर्यादित जागेत उलटी गाडी नीट घेता येते का, वळताना वेळेवर इशारा दिला का. ट्रकमध्ये आणखी एका गोष्टीची सवय लावा. इंजिन सुरू झाले की हवेच्या दाबाचा काटा पुरेसा वर येईपर्यंत गाडी हलवायची नाही. एअर ब्रेकला हवाच नसेल तर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

प्रश्न : नवा चालक ठेवताना त्याचे लायसन खरे की खोटे, हे मालकाने कसे ओळखावे? (दोन वाचक, जळगाव व चाकण)

उत्तर : कार्डाची चमक बघून ओळखू नका. चालकाला त्याचा परवाना क्रमांक आणि जन्मतारीख विचारा आणि परिवहन संकेतस्थळावर परवान्याची स्थिती त्याच्यासमोरच बघा. तिथे नाव, परवाना देणारे कार्यालय, वाहनांचे वर्ग आणि दोन्ही मुदती दिसतात. क्रमांकाची रचनाही बोलकी असते: आधी राज्य, मग कार्यालयाचा दोन आकडी क्रमांक, मग वर्ष आणि शेवटी सात आकडे. 'एमएच १२ २०१६' ने सुरू होणारा परवाना पुण्यातून २०१६ मध्ये दिलेला असतो. चालक सांगतो की लायसन १९९८ चे आहे, आणि क्रमांकात २०१६ दिसते, तर लगेच खोटा ठरवू नका. नूतनीकरणाच्या वेळी जुनी नोंद संगणकावर चढवताना असे होऊ शकते. अशा वेळी मूळ कार्यालयात विचारणा करा.

तपासणीचा पुरावा ठेवा. पडद्याची छापील प्रत, त्यावर तपासल्याची तारीख, आणि चालकाला गाडी चालवायला लावून पाहिल्याची नोंद. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण न्यायाधिकरणात हाच कागद मालकाच्या कामी येतो. २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परवाना खोटा निघाला एवढ्याने विमा कंपनी जबाबदारीतून सुटत नाही. मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही, हे कंपनीला सिद्ध करावे लागते. काळजी घेतली असेल तर ती दाखवता आली पाहिजे. आणि परवाना नसलेल्या माणसाच्या हातात गाडी दिली, तर कलम १८० खाली मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

एकदा तपासून विसरू नका. प्रत्येक चालकाच्या टीआरची तारीख कार्यालयातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा, दोन महिने आधीच्या पानावर.

प्रश्न : पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर चालक म्हणून काम मिळते आहे. हेवी लायसन आहे. आणखी काय लागते? (एक चालक, मनमाड)

उत्तर : केंद्रीय नियम ९ प्रमाणे धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाला नेहमीच्या परवान्याखेरीज तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते आणि त्याची नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणे, ही अटही याच नियमात आहे. आठवी पासची अट गेली, पण इथली भाषेची अट कायम आहे. तिचे कारण स्पष्ट आहे. टँकरसोबतच्या कागदावर गळती झाल्यास काय करायचे ते छापलेले असते. चालकाला ते वाचताच आले नाही तर तो कागद असून नसल्यासारखा. ही नोंद पाच नव्हे, तीन वर्षेच चालते. नूतनीकरणाआधी उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणजे तुमच्या कार्डावर आता तिसरी तारीख आली, ती टीआरच्या आधीही संपू शकते.

निघण्यापूर्वी स्वतः तपासायच्या गोष्टी: माल पाठवणाऱ्याने दिलेले आपत्कालीन माहितीपत्र, ज्याला 'ट्रेम कार्ड' म्हणतात, ते त्याच मालाचे आहे का. मागच्या फेरीत डिझेल आणि या फेरीत दुसरेच रसायन असेल, पण केबिनमध्ये जुनेच पत्र पडलेले असेल, तर गळतीच्या वेळी अग्निशमन दलाला चुकीची माहिती मिळते. हा घोळ जीवघेणा ठरू शकतो, म्हणून दर फेरीला जुने पत्र काढून टाका. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीची पाटी हवी, ती चिखलाने झाकलेली नको. एक्झॉस्टला ठिणगीरोधक, म्हणजे 'स्पार्क अरेस्टर', बसवलेला हवा. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला लगेच कळवणे हे चालकाचे कर्तव्य आहे, फक्त मालकाला फोन करून भागत नाही.

प्रश्न : वय ५२, चष्मा आहे. वैद्यकीय प्रमाणपत्र मिळेल का? (एक चालक, सोलापूर)

उत्तर : चष्म्यामुळे अडत नाही, चष्मा लावून दिसते का ते बघतात. नमुना १-अ मधला दृष्टीचा निकष साधा आहे. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीच्या पाटीवरचा क्रमांक वाचता यायला हवा. पंचवीस मीटर म्हणजे साधारण दोन बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढे अंतर. घरासमोर उभ्या गाडीवर हे आधीच करून बघा, एकेक डोळा झाकूनही बघा. याशिवाय रातांधळेपणा, ऐकणे, हातापायांची हालचाल, फेफरे आणि हृदयविकार यांची चौकशी असते. रंगांधळेपणाबाबत २०२० मध्ये नियम सैल झाला, सौम्य ते मध्यम प्रमाणातला आता परवान्याच्या आड येत नाही.

डॉक्टरकडे न जाता दुकानात छापील अर्जावर सही मिळते, म्हणून तशी घेऊ नका. प्रमाणपत्रावर नोंदणीकृत डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो, तो पडताळता येतो. आणि तपासणी खरी झाली तर फायदा तुमचाच. रात्रीच्या फेऱ्या करणाऱ्याला समोरच्या दिव्यांनी डोळे दिपत असतील तर ते मोतीबिंदूचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. ते आरटीओत कळण्याऐवजी डॉक्टरकडे कळलेले बरे.

प्रश्न : शाळेने स्कूल बससाठी दोन वर्षांचा अनुभव असलेला चालक ठेवला आहे. हे चालते का? (एक पालक, ठाणे)

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशात शाळेच्या बसचालकाला अवजड वाहन चालवण्याचा किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, असे आहे. भरधाव, धोकादायक किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल एकदाही चालान झालेल्या माणसाला हे काम देऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रात २०११ चे स्कूल बस नियम आहेत आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तोंडी तक्रार करू नका, समितीकडे चालकाच्या परवान्याची आणि अनुभवाच्या पुराव्याची प्रत लेखी मागा. पाच वर्षे कार चालवल्याचा अनुभव इथे धरत नाहीत.

प्रश्न : जास्त माल भरल्यामुळे लायसन जप्त केले. आता तीन महिने रद्द होणार म्हणतात. दंडही भरायचा का? (एक ट्रकचालक, धुळे)

उत्तर : दोन्ही होते, कारण ती दोन वेगळी कारवाई आहे. दंड कलम १९४ खाली. २०,००० रुपये मूळ दंड आणि जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये. तीन टन जास्त असेल तर २६,००० रुपये, शिवाय जास्तीचा माल उतरवल्याखेरीज गाडी सोडत नाहीत. उतरवणीची मजुरी आणि दुसरी गाडी बोलावण्याचा खर्च वेगळाच. हा खर्च बघितला तर जास्तीच्या तीन टनांचे भाडे मिळाले तरी हातात काही उरत नाही.

परवान्यावरची कारवाई निराळी. जास्त माल, लाल दिवा तोडणे, अतिवेग, मोबाइलवर बोलत चालवणे, मालगाडीत माणसे नेणे, दारू पिऊन चालवणे, यांसाठी किमान तीन महिने परवाना निलंबित करावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचे निर्देश आहेत आणि आरटीओ त्याप्रमाणे नोटीस काढते. नोटीस आली की गप्प बसू नका. आदेशापूर्वी तुमचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक आहे. वजनकाट्याची पावती, माल भरणाऱ्याचे चलन, मालकाने पाठवलेले संदेश, सगळे लेखी उत्तरासोबत जोडा. माल तुम्ही भरला नाही हे दाखवता आले तरी गाडी तुम्ही हलवली हे उरतेच, पण निर्णय घेताना ते विचारात येते. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येते.

परवाना घेताना पोलिसाने दिलेली पावती जपून ठेवा. तीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत ती परवान्याच्या जागी चालते. निलंबनाचा आदेश झाल्यावर मात्र ती कामाची नाही. निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली दहा हजार रुपये दंड आहे. निलंबन संपल्यावर उजळणी प्रशिक्षण घेतल्याखेरीज परवाना परत मिळत नाही, म्हणून त्या प्रशिक्षणाची वेळ आधीच घेऊन ठेवा.

प्रश्न : ई-रिक्षासाठी आधी कारचे लायसन असावे लागते का? (एक महिला वाचक, नागपूर)

उत्तर : लागत नाही. एक वर्षाच्या हलक्या वाहनाच्या परवान्याची अट ई-रिक्षा आणि ई-कार्टला २०१५ पासून लागू नाही. किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण मात्र घ्यावेच लागते आणि त्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. परमिट लागत नाही, परवाना, नोंदणी आणि विमा लागतो. गाडीची मर्यादा लक्षात ठेवा: ताशी २५ किलोमीटर, चार प्रवासी आणि ४० किलो सामान. पाचवा प्रवासी घेतला की तो जास्तीचा धरला जातो आणि दर जास्तीच्या प्रवाशामागे २०० रुपये दंड होतो.

प्रश्न : वाहकाचे लायसन वेगळे असते का? मुलीला एसटीत वाहक व्हायचे आहे. (एक पालक, परभणी)

उत्तर : वेगळे असते. टप्पा वाहतुकीच्या, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेणाऱ्या, बसवर वाहक म्हणून काम करायला कायद्याच्या कलम २९ प्रमाणे वाहक परवाना लागतो. वय किमान १८. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र जोडायचे असते, आणि मिळणारा बिल्ला कामावर असताना छातीवर लावायचा. हा परवाना ज्या राज्याने दिला त्या राज्यातच चालतो. परभणी जिल्ह्याला तेलंगण जवळ आहे म्हणून तिकडच्या एखाद्या कार्यालयातून सोपा पडतो असे कोणी सुचवले, तर तो इथे उपयोगी नाही. भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता परवाना आधी काढा, जाहिरातीनंतर आरटीओत आणि प्रथमोपचार वर्गात गर्दी होते.

प्रश्न : जुन्या निळ्या पुस्तकातले लायसन सारथीवर दिसत नाही. (तीन वाचक, वेगवेगळ्या गावांतून)

उत्तर : परवाना खरा असतो, फक्त संगणकाच्या नोंदीत चढलेला नसतो. ज्या कार्यालयाने तो दिला तिथेच जाऊन जुन्या नोंदवहीवरून 'बॅकलॉग' नोंद करून घ्यावी लागते. हे काम दुसऱ्या कार्यालयात होत नाही. पुस्तकाच्या सगळ्या पानांची प्रत न्या, शिक्क्यांची पानेही, कारण नूतनीकरणाच्या नोंदी त्यांवरच असतात. नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळवून बघा. पुस्तकात 'बाबू' आणि आधारमध्ये 'बाबूराव' असेल तर आधी नावाचा पुरावा लागेल, आणि तो मिळेपर्यंत टीआरची मुदत जवळ आलेली असेल. म्हणून हे काम नूतनीकरणाच्या किमान सहा महिने आधी काढा. नोंद झाल्यावर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवर परवाना उतरवून ठेवा. २०१८ पासून तो पोलिसांना मोबाइलवर दाखवला तरी चालतो.